माळ्यावरचे १९७ किलो

२०२४ च्या फेब्रुवारीत आमच्या अमळनेरला ९७ वं मराठी साहित्य संमेलन भरणार होतं, त्यामुळे जानेवारीपासूनच घरोघरी पाहुण्यांची तयारी सुरू होती. आमच्याकडे नाशिकहून मावसभावाचं कुटुंब तीन दिवस मुक्कामी येणार होतं आणि झोपायला जागा एकच, मागची खोली. त्या खोलीच्या माळ्यावर, माळा भरला म्हणून खाली, खाली मावेना म्हणून कपाटामागे, कॉम्प्युटरमधले माझे मेलेले सर्किट बोर्ड. आई रोज एकदा दारात उभी राहायची. "हाऊ पसारा आते तरी काढ रे भो."

२००५ पासून मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. दुरुस्त न होणारा बोर्ड गिऱ्हाईक सहसा परत नेत नाही, "ठेवून घ्या तुम्हीच" म्हणतो. असे साठत गेले. पण नुसत्या आळसामुळे साठले नाहीत. मी ते विकणं बंद केलं होतं, त्याला कारण आहे.

२०१६ मध्ये एका फिरत्या भंगारवाल्याला मी तीसेक किलो माल दिला होता, किलोला २५ रुपयांनी. आठवड्याभराने बोरी नदीच्या काठाने येत होतो, तर खाली पात्रात काळा धूर. वायरी जाळत असतील असं वाटलं. पण वास वेगळा होता, गोडसर आणि घशाला चरचरणारा. खाली उतरलो. बारा-तेरा वर्षांचा एक पोरगा चिमट्याने जळक्या बोर्डातून तांब्याचे तुकडे उपटत होता. मला सवय आहे, मेलेल्या प्रत्येक बोर्डावर मी पांढऱ्या मार्करने तारीख आणि दोष लिहितो. ढिगाच्या कडेला अर्धा जळलेला एक बोर्ड होता. हिरवा रंग गेलेला, आतलं काचतंतूचं कापड पदर-पदर सुटून राखाडी झालेलं, आणि कोपऱ्यात माझ्याच अक्षरात "नो डिस्प्ले". कथील आणि शिशाचे थेंब वाळूवर गोठून चमकत होते.

या बोर्डांच्या इपॉक्सीत, म्हणजे काचतंतू बांधून ठेवणाऱ्या राळेत, आग लागू नये म्हणून ब्रोमिनची रसायनं घातलेली असतात. उघड्यावर जाळलं की त्यांतून डायॉक्सिन, फ्युरान यांसारखे विषारी वायू सुटतात. हे मला माहीत होतं, आणि तरी मी २५ रुपयांनी विकून मोकळा झालो होतो. त्यानंतर आठ वर्षं एक बोर्ड विकला नाही.

आता काढायचेच होते. पहिल्यांदा गावातल्या एका ओळखीच्या भंगारवाल्याला बोलावलं. त्याने माळ्याकडे मान वर करून पाहिलं आणि उक्ता भाव सांगितला. सगळं मिळून किलोला ३२ रुपये. लोखंडापेक्षा बरा भाव आहे, म्हणाला. मी त्याला चहा पाजून पाठवलं.

मग रात्री दुकान बंद केल्यावर बसायला लागलो. अकरा रात्री लागल्या. मुलगा त्या वर्षी दहावीला, पण अभ्यास झाला की तासभर येऊन बसायचा. प्रत्येक मदरबोर्डवरून, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डवरून, हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) काढायचं, कारण ते ॲल्युमिनियम आहे आणि ते वेगळं विकलं जातं. नाण्याएवढी लिथियमची बॅटरी काढायची. लोखंडी पट्ट्या, स्क्रू काढायचे. मग प्रतवारी. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना सगळे बोर्ड सारखेच दिसतात, पण पहिला भेद रंगातच कळतो. जुन्या डबा मॉनिटरमधला किंवा पॉवर सप्लायमधला बोर्ड तपकिरी असतो. तो कागद आणि फेनॉलिक राळेचा, बहुधा एकाच बाजूला तांबं, मौल्यवान धातू नावालाच. मदरबोर्ड हिरवा, निळा, काळा कसाही असो, तो काचतंतूचा असतो. त्यात तांब्याचे चार-सहा थर असतात, वर शेकडो भाग, सॉकेटच्या पिनांवर सोन्याचा मुलामा. हे दोन्ही एका गोणीत गेले की सगळ्या गोणीला तपकिरीचा भाव लागतो. मला ३२ रुपये सांगितले गेले त्यात ही मेख होती.

ढिगात विप्रोच्या जुन्या कॉम्प्युटरचे चार बोर्ड निघाले. अमळनेरच्या माणसाला ते हातात घेतल्यावर क्षणभर थांबावंसं वाटणारच. १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने ही कंपनी इथेच सुरू झाली, वनस्पती तूप बनवायला. कॉम्प्युटर फार पुढे आले. तुपाच्या कारखान्याच्या गावात मी त्याच नावाचे कॉम्प्युटर वर्षानुवर्षं दुरुस्त केले, याचं मला नेहमीच अप्रूप वाटत आलं आहे. राखाडी सिरॅमिकचे दोन जुने पेंटियम प्रोसेसरही निघाले. उलटे केले की २९६ सोनेरी पिना ओळीने उभ्या. मुलगा म्हणाला, "पप्पा, हे विकू नका." ते ठेवले.

त्याच रात्री त्याच्या डोक्यात सोनं शिरलं. रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या पट्टीच्या, खालच्या कडेला जे सोनेरी दात असतात, धंद्यात ज्यांना फिंगर म्हणतात, त्यांवर खरोखर सोनं असतं. खाली तांबं, मध्ये निकेल, वर सोनं. चांगल्या मालात हा मुलामा ३० मायक्रोइंच, म्हणजे पाऊण मायक्रॉन असतो. आपला केस सत्तर-ऐंशी मायक्रॉनचा. मुलाने एका रॅमचे दात मोजले, २४०. स्केलने लांबी-रुंदी घेतली, सगळे मिळून पावणेपाच चौरस सेंटीमीटर भरले. पाऊण मायक्रॉन जाडी, सोन्याची घनता १९.३. उत्तर आलं साधारण ७ मिलिग्रॅम. "म्हणजे दीडशे रॅमला एक ग्रॅम!" आमच्याकडे १८० होत्या आणि सोनं दहा ग्रॅमला ६३ हजारांच्या घरात होतं.

मीही मोहात पडलो. चाळीस रॅमचे दात पत्र्याच्या कात्रीने कापले आणि डबीत भरून जळगावला गेलो. सराफ बाजारात एक झारेकरी बाबा माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्या मुलाचा लॅपटॉप मी दुरुस्त केला होता. झारेकरी म्हणजे सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख, हात धुतलेलं पाणी विकत घेऊन त्यातलं सोनं-चांदी काढणारा. जळगावच्या सोन्याचं नाव दूरवर आहे, पण त्या बाजाराच्या पायाखालच्या धुळीवर जगणारी ही माणसं दुकानांच्या पाट्यांवर कुठेच दिसत नाहीत. बाबांनी डबी उघडून बोटाने ढवळली. "हाई मोबाईलवाले पण आणतंस आते," म्हणाले.

त्यांची जागा बोळातल्या मागच्या भिंतीशी, वर पत्रा, बाजू उघडी. काचेच्या भांड्यात तुकडे टाकले, वर नायट्रिक ॲसिड ओतलं. बाबा त्याला तेजाबच म्हणतात. आधी बारीक बुडबुडे आले, मग एकदम विटकरी-तपकिरी धूर उसळला. बाबांनी तोंडावर उपरण्याचं टोक धरलं आणि मला मागे ढकललं. हा धूर नायट्रोजन डायॉक्साइडचा. त्याचा दगा असा की छातीत गेला तरी त्या वेळी खोकल्यापलीकडे फारसं काही होत नाही, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागतं. बाबा चाळीस वर्षं हे करतात. बोलताना मध्ये मध्ये थांबतात, तेव्हा छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो.

अर्ध्या तासाने धूर निवळला. पाणी निळं-हिरवं, विरघळलेल्या तांब्याचं. आणि त्यावर सोनं तरंगत होतं. सोन्याला एकट्या नायट्रिकचं काही होत नाही, खालचं निकेल-तांबं विरघळलं की मुलामा तसाच सुटतो. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, दातांच्याच आकाराच्या लांबट चौकोनी पापड्या. त्यांतल्या काही उलट्या होत, वळत, भांड्याच्या काठाला चिकटत होत्या. फुंकर मारली असती तर उडाल्या असत्या. बाबांनी फडक्यातून गाळल्या, तीन पाण्यांनी धुतल्या, मुशीत टाकणखार घालून त्यांवर गॅसची ज्योत धरली. पापड्या आक्रसल्या, काळपट झाल्या, आणि अचानक एक गोल थेंब फिरायला लागला. बाजरीच्या दाण्याएवढा.

काट्यावर १६० मिलिग्रॅम. रॅममागे ४. आमच्या हिशेबातले ३ मिलिग्रॅम कुठे गेले? सगळ्या रॅम चांगल्या कंपनीच्या नव्हत्या, मुलामा पातळ होता, दात झिजलेले होते. काही पापड्या फडक्यालाही राहिल्या असतील. बाबांनी कसोटीवर दाणा घासून पाहिला आणि ९५० रुपये सांगितले. तेजाब आणि गॅसचे ३०० वजा. माझ्या हातात ६५०.

उरलेल्या निळ्या पाण्यात बाबांनी लोखंडाचे तुकडे टाकले. त्यांवर लालसर तांबं साचायला लागलं, तेही विकलं जातं. पण तांबं काढून घेतल्यावरचं पाणी त्यांनी बोळातल्या गटारीत ओतलं. मी काही बोललो नाही. त्यांच्या दारात उभं राहून, माझंच काम करून घेऊन, काय बोलणार होतो? पण बोरीकाठचा तो पोरगा मला त्या वेळी आठवला. आठ वर्षं न विकता घरात कोंडून ठेवलेली गोष्ट मी शेवटी स्वतःच बाबांच्या छातीत आणि गटारीत ओतून आलो होतो.

घरी आल्यावर शोध सुरू केला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीकृत रिसायकलर असतात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. कंपन्यांनी विकलेल्या मालाच्या प्रमाणात ई-कचरा नोंदणीकृत रिसायकलरकडून संपवून घेतल्याचं दाखवणं त्यांत बंधनकारक आहे. नियमांत मोठे वापरकर्तेही येतात, म्हणजे वर्षात किमान हजार इलेक्ट्रॉनिक नग वापरणाऱ्या संस्था. माझ्यासारखा दुकानदार त्यात बसत नाही, त्यामुळे मला कुणी विचारत नाही. मला हे खटकतं. खान्देशातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी दुरुस्तीची पाच-दहा दुकानं आहेत, आणि प्रत्येकाच्या माळ्यावर असाच ढीग आहे. तो ढीग कुठल्याच कागदावर नाही.

तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी कमी मालाला गाडी येत नाही म्हणून ठेवला. तिसऱ्याने सांगितलं, पाचशे किलो होत असेल तर आमची गाडी मुंबई-आग्रा रस्त्याने जाते, धुळ्याला घेऊ. मग पारोळा आणि चोपड्याच्या दोन मित्रांना फोन केला. दोघांकडे माझ्यापेक्षा जास्त निघाला. त्यांना प्रतवारी समजावायला एक रविवार गेला. तिघांचा मिळून साडेसहाशेच्या पुढे गेला आणि एका सकाळी छोटा हत्ती भरून आम्ही धुळ्याला निघालो.

तिथे माल तपासायला आलेला मुलगा पंचविशीचा, मूळचा विदर्भातला. एका हातात लोहचुंबक, दुसऱ्या हातात चिमटा. प्रत्येक गोणी खाली ओतून पसरली. बोर्डवर मोठ्या चिप किती, स्लॉटचे दात कसे, लोखंड राहिलंय का, एवढं तो पाच सेकंदांत पाहायचा. रॅमच्या ढिगात मी टाकलेली कापलेली चाळीस त्याने उचलून बाजूला केली. "दादा, याची फिंगर कापली. ही मदरबोर्डच्या भावात जाईल." मी विचारलं, न कापता किती मिळाले असते? रॅमचा त्या दिवशीचा भाव किलोला १,४५० होता. चाळीस रॅम म्हणजे सातशे वीस ग्रॅम, म्हणजे १,०४४ रुपये. तेजाब नाही, धूर नाही, गटार नाही, आणि माझ्या ६५० पेक्षा जवळजवळ चारशे जास्त.

माझा हिशेब असा झाला. मदरबोर्ड ६२ किलो, २६० ने १६,१२०. रॅम अडीच किलो, ३,६२५. लॅन-साउंडची कार्डं ७ किलो, ३८० ने २,६६०. प्रोसेसर एक किलो चारशे ग्रॅम, ९०० ने १,२६०. हार्डडिस्क २६ किलो, ७० ने १,८२०. पॉवर सप्लाय ८० किलो, ३८ ने ३,०४०. तपकिरी बोर्ड १८ किलो, ३० ने ५४०. एकूण १९७ किलोला २९,०६५ रुपये. उक्त्या ३२ रुपयांनी हेच ६,३०० ला गेलं असतं.

मुलाचा प्रश्न मात्र खिशात होता, तो मी त्या तपासनिसाला विचारला. एक टन कॉम्प्युटर बोर्डांत दोनशे-अडीचशे ग्रॅम सोनं असतं असं वाचलं आहे. खाणीतल्या टनभर दगडात पाच ग्रॅम निघालं तरी खाण चांगली म्हणतात. मग माझ्या ६२ किलोत बारा ग्रॅम सोनं असणार, पाऊण लाखाचं. मला १६ हजारच का?

तो हसला नाही, बसून समजावलं. पहिली गोष्ट, तो आकडा जुन्या, भरघोस बोर्डांचा. नव्या बोर्डांत मुलामा पातळ होत गेला आहे. दुसरी, सोनं एका जागी नसतं. थोडं दातांवर, थोडं सॉकेटच्या पिनांवर, थोडं चिपच्या आत केसाहून बारीक तारांत. बाबांच्या तेजाबाला फक्त बाहेरचं सापडतं, चिपच्या आतलं सोनं, पॅलेडियम नावाचा महाग धातू, चांदी सगळं वाया जातं. ते सगळं काढायचं तर बोर्डांचा भुगा करून तांब्याच्या भट्टीत घालावा लागतो. वितळलेलं तांबं मौल्यवान धातूंना स्वतःत ओढून घेतं. त्या तांब्याच्या जाड पाट्या वीज सोडलेल्या द्रावणात टांगतात, शुद्ध तांबं समोरच्या पाटीवर चढतं आणि तळाला गाळ बसतो. सोनं, चांदी, पॅलेडियम त्या गाळात. शिवाय धुरातले विषारी वायू पकडणारी यंत्रणा भट्टीइतकीच महाग. बेल्जियममधल्या होबोकेनला, स्वीडनमधल्या रॉन्शारला, जपानमधल्या कोसाकाला अशा भट्ट्या आहेत. तिथवर माल न्यायचा, नमुना तपासून कस ठरायचा, पैसे महिन्यांनी यायचे. मधल्या प्रत्येकाचा वाटा जातो. आणि बोर्डाच्या वजनात पाचवा हिस्सा तांबंच असतं, तेही भावात धरलेलं असतं.

मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याने टोकियो ऑलिंपिकचं शोधून काढलं. पदकांसाठी जपानने दोन वर्षं देशभरातून ७९ हजार टनांच्या आसपास जुनी उपकरणं गोळा केली, त्यांत ६२ लाख मोबाईल होते. सोनं निघालं ३२ किलो. तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसला होता.

माझ्या मते भाव चढतो तो प्रतवारीने आणि एकत्र येण्याने. ते दोन्ही आपल्या हातातलं आहे. बोर्ड अख्खा ठेवा, कापू नका, तपकिरी वेगळा करा, हीटसिंक-बॅटरी काढा, शेजारच्या गावातल्या दोघांना जोडून घ्या. आणि नोंदणीकृत माणसाकडून पावती घ्या. धुळ्याची पावती हातात आली तेव्हा २९ हजारांपेक्षा त्या कागदाचं मला जास्त बरं वाटलं, कारण माझ्या अक्षरातला "नो डिस्प्ले" या वेळी कुठे गेला ते मला सांगता येत होतं.

संमेलन झालं, पाहुणे मागच्या खोलीत ऐसपैस झोपले. मार्चमध्ये जळगावला गेलो तेव्हा पावती घेऊन झारेकरी बाबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. रॅमच्या ओळीवर बोट ठेवलं. "अख्खीले इतला भाव?" मी चाळीस रॅमचा हिशेब त्यांना मांडून दाखवला. दाण्याचे ९५० आणि अख्ख्याचे १,०४४. बाबा काही वेळ गप्प राहिले. मग पत्र्याखालच्या फळीवरून एक गोणी ओढून काढली. मोबाईल दुरुस्तीवाल्यांनी आणून टाकलेले बोर्ड होते, अजून तेजाबात न गेलेले. "आते हाई कोठे देवानं ते सांग."

मे महिन्यात आमची दुसरी गाडी धुळ्याला गेली. त्यात बाबांची साडेचार किलोची गोणी होती, आणि तिची पावती मी त्यांच्या नावाने वेगळी करून घेतली.